वाघचौरे मास्तरांचं टपाल

वाघचौरे मास्तर वर्गात आले की आधी फळ्याचा उजवा कोपरा पुसत. कोटाच्या खिशातून रुमाल काढायचा, कोपरा पुसायचा, रुमाल खिडकीबाहेर झटकायचा आणि मग मुलांकडे वळायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत संगमनेरच्या आमच्या शाळेत हा त्यांचा नेम मी कितीतरी वेळा दाराबाहेर थांबून पाहिला आणि दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तो कोपरा माझा होता.

मी मराठी शिकवायचो. पुण्याहून नुकताच आलेलो, अंगात उत्साह दांडगा आणि कानावर एकही वेडावाकडा शब्द खपत नसे. वर्गात कुणी ‘आमी’ म्हणालं, ‘न्हाई’ म्हणालं, ‘गेल्तो’ म्हणालं की तो शब्द मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘आजचे अशुद्ध’ या मथळ्याखाली लिहायचा आणि शेजारी त्या मुलाचं नाव. शाळा सुटेपर्यंत ते तिथंच राहावं असा माझा दंडक होता. शिवाय सगळे शब्द, नावांसकट, एका जाड वहीत उतरवून ठेवायचो. आज हे सांगताना लाज वाटते. तेव्हा मात्र या मुलांसाठी इतके कष्ट दुसरं कोण घेतं, अशा थाटात मी वावरायचो.

एकदा मी त्यांना शिक्षकांच्या खोलीत गाठलं. म्हटलं, “वाघचौरे, तो मजकूर मुद्दाम लिहिलेला असतो. पुसत जाऊ नका.”

“मला फळा मोकळा लागतो, देशपांडे.”

“एवढा मोठा फळा मोकळाच असतो की.”

“आसतो. पन पोरं त्या कोपऱ्याकडंच बघत बसत्यात,” असं म्हणून ते तांब्यातलं पाणी वरून घटाघटा प्यायले आणि भूगोलाचा नकाशा काखेत मारून चालते झाले.

त्यांचं पूर्ण नाव शमुवेल वाघचौरे. मूळचे पारनेरकडचे, दोन पिढ्यांचे ख्रिस्ती. उंच, वाळकेले, कोटाच्या दोन्ही कोपरांना ठिगळं, डोक्याला काळी टोपी. रविवारी उपासनेला पेटी वाजवायचे आणि इतर दिवशी आमच्या शाळेत भूगोल आणि इंग्रजी शिकवायचे. त्यांचं इंग्रजी चोख होतं. मराठी मात्र ते पारनेरच्या बाजारात बोलावी तशी बोलत आणि त्याबद्दल त्यांना तिळभरही संकोच नव्हता. कोटाच्या कॉलरला बटणाएवढा हिरवा तारा लावलेला असे. मला आधी वाटलं, हे कसलं तरी सरकारी पदक असावं.

ते पदक नव्हतं. ती एस्पेरांतो नावाच्या भाषेची खूण होती. कुणा एका डॉक्टरनं जगातल्या सगळ्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ही भाषा घरी बसून तयार केली, हे मी वाघचौऱ्यांकडूनच पहिल्यांदा ऐकलं आणि हसलो. भाषा काय कुणी घरी बसून करतं? ती काय पापड आहे? वाघचौरेही हसले. त्यांना हसणाऱ्यांचा कधी राग आला नाही. बहुतेक सवय झाली असावी.

ते ही भाषा शिकले आमच्याच जिल्ह्यात. पहिल्या लढाईत नगरला जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसं कैदेत ठेवली होती. तरणे वाघचौरे तिथं पाव पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे कारकून होते. कैद्यांत फ्रान्झ नावाचा एक जहाजावरचा आचारी होता. रोजच्या पावांची मोजणी करता करता त्यानं यांना एस्पेरांतो शिकवली आणि बदल्यात यांच्याकडून मराठी उचलली. “दोन वर्सांनी त्यो ‘आज पाव लई ग्वाड हाय’ म्हनायला लागला,” वाघचौरे सांगायचे. “शिपाई हसायचे. पन त्याला काय त्याचं? त्याला मराठी बोलायचा आनंद हुता.” सुटून जाताना फ्रान्झनं आपलं हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक आणि तो तारा यांना दिला. दुसरी लढाई सुरू होईपर्यंत त्याची पत्रं येत राहिली. मग बंद झाली.

वाघचौऱ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. मुलांना इंग्रजीच्या आधी वर्षभर एस्पेरांतो शिकवली तर पुढं इंग्रजी लवकर येतं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. हेडमास्तरांच्या मागं लागून लागून त्यांनी अखेर परवानगी मिळवली. इंग्रजी पहिलीची ‘ब’ तुकडी, इंग्रजीच्या जोडीनं रोज अर्धा तास, दोन वर्षं. दोन वर्षांनी तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब येतील. ‘ब’ तुकडी ‘अ’च्या मागं पडली नसेल तर वर्ग पुढं चालू, नाहीतर कायमचा बंद. ‘ब’ तुकडी दिली यातही मेख होती. ‘अ’मध्ये वकील-व्यापाऱ्यांची मुलं, ‘ब’मध्ये शेजारच्या अकोले तालुक्याच्या डोंगरातून, राजूरकडून येऊन वसतिगृहात राहिलेली, आणि गावातल्या विणकरांची, मोमिनांची. त्यांचं बिघडून बिघडून काय बिघडणार, असा सगळ्यांचा हिशेब होता. माझासुद्धा.

शाळा कमिटीतले एक गृहस्थ वाघचौऱ्यांना भर सभेत म्हणाले, “इंग्रजाला घालवायची वेळ आली आणि तुम्ही आणखी एक परकी भाषा आणता?”

“ही कुना सायबाची न्हाई,” वाघचौरे म्हणाले. “हिला राजाच न्हाई. म्हनून तर आनली.”

त्यांच्या वर्गाची भिंत माझ्या वर्गाला लागून होती, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना सांगितलं, “ही भाषा हितं कुनाच्याच घरात बोलत न्हाईत. पाटलाच्या न्हाई, वकिलाच्या न्हाई, माज्याबी न्हाई. तवा समदे एकाच पायरीवर बसा.” चूक झाली की म्हणायचे, “चुकलं तर चुकलं, थांबू नगा.” मुलांनी घरून वस्तू आणायच्या आणि त्यांची नावं शिकायची, अशी त्यांची रीत होती. कुणी सूत आणलं, कुणी शेळीच्या गळ्यातली घंटा. भाकरीला त्या भाषेत शब्द सापडेना, तेव्हा त्यांनी आपलाच शब्द घेऊन त्याला तिकडचं शेपूट लावलं, ‘भाकरो’. त्या दिवशी ‘ब’ तुकडीनं जो गलका केला तो मी भिंतीवर डस्टर आपटूनही थांबला नाही. जगाच्या भाषेत संगमनेरची भाकरी गेली होती.

हौसा नावाची एक मुलगी त्या वर्गात होती. राजूरच्या वरच्या अंगाला एका वाडीतून आलेली. माझ्या तासाला पहिलं वर्षभर तिनं तोंड उघडलं नाही. सुरुवातीला एकदाच उघडलं होतं, तेव्हा तिच्या एका वाक्यातले चार शब्द फळ्यावर गेले, चारांपुढं चारदा तिचं नाव. त्यानंतर प्रश्न विचारला की ती उभी राहून बाकाकडे बघायची. मी तिला मठ्ठ समजत होतो. भिंतीपलीकडून मात्र तिचा खणखणीत आवाज यायचा. रानातून खणून आणलेले कडू कांदे, म्हणजे कंद, कसे उकडायचे, किती पाण्यातून काढायचे, हे ती त्या परक्या भाषेत सांगत होती, अडलं की मराठी शब्द घालत होती म्हणून मला कळलं, आणि वाघचौरे मध्ये मध्ये “आनि मंग? आनि मंग?” असं विचारत होते.

दुसरी त्यांची रीत पत्रांची. दर महिन्याला प्रत्येक मुलानं परदेशातल्या एका अनोळखी मुलाला पत्र लिहायचं. लढाईमुळे टपाल जात नव्हतं. एकदा त्यांनी गठ्ठा पाठवून पाहिला, तो कुठंतरी अडकून महिन्याभरानं परत आला. तरी पत्रं थांबली नाहीत. मुलं पाकीट बंद करून आणायची आणि वाघचौरे ते बिस्किटाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. “लढाई संपली की समदं एकदम टाकू,” म्हणायचे.

मी विचारलं, “पण तुम्ही चुका तपासता कधी? पाकिटं तर बंद.”

“शब्द आडला तर पोरं इचारत्यात. पत्र दाखवायचं न्हाई, आसं मीच सांगितलंय.”

“मग आत काय लिहिलंय ते तुम्हाला कसं कळणार?”

“मला कशाला कळायला पायजे? माज्या नावचं थोडंच हाय ते?” आणि नेहमीचं वाक्य जोडलं, “दुसऱ्याचं टपाल फोडायचं नसतं, देशपांडे.”

मी शिक्षकांच्या खोलीत आल्यावर त्यांची नक्कल करून दाखवली आणि सगळ्यांना हसवलं.

दोन वर्षं संपली आणि तपासणीचा दिवस आला. साहेबांनी दोन्ही तुकड्यांची इंग्रजीची परीक्षा घेतली. ‘ब’ तुकडी मागं तर पडली नव्हतीच, वाचनात आणि बोलण्यात चार पावलं पुढंच होती. हौसानं साहेबांना इंग्रजीत विचारलं की तुमच्या गावाला नदी आहे का, आणि साहेब खूश झाले. हेडमास्तर हात चोळत उभे होते. वाघचौऱ्यांनी कॉलरचा तारा उगीच सरळ केला. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं असेल तर हा एवढा वर्ग, आणि तो त्यांना मिळाल्यात जमा होता.

मग साहेब माझ्याकडे वळले. “आणि मातृभाषा? तिच्यावर काही परिणाम?”

मी वही पुढं केली. दोन वर्षांची, तारीखवार, नावांसकट. पहिल्या वर्षी ‘ब’ तुकडीच्या अशुद्ध शब्दांना आठवड्याला एक पान पुरत होतं. दुसऱ्या वर्षी रोज पान भरलं होतं. “यांची मराठी बिघडली आहे,” मी म्हणालो. “हा पुरावा.”

त्यात खोटं अक्षर नव्हतं. पण त्या क्षणी मला ठाऊक होतं की पहिल्या वर्षी ती मुलं बोलतच नव्हती. न बोलणाऱ्याच्या चुका कोण लिहिणार? भिंतीपलीकडं त्यांची भीड चेपली आणि ती माझ्या तासालाही तोंड उघडायला लागली, हात वर करायला लागली, आपल्या वाडीच्या गोष्टी आपल्या बोलीत सांगायला लागली. पान त्यामुळे भरत होतं. हे मला आतून कळत होतं आणि मी बोललो नाही. माझ्या दोन वर्षांच्या वहीला पहिल्यांदाच कुणीतरी मान देत होतं, एवढंच मला दिसत होतं.

वाघचौरे हळूच म्हणाले, “साहेब, आदी ही पोरं बोलत न्हवती.”

साहेबांनी मान हलवली, पण त्यांचं शेऱ्याचं लिहिणं सुरू झालं होतं. वर्ग बंद झाला.

ते मला चार शब्द सुनावतील म्हणून मी तयारीत होतो. संध्याकाळी प्रवरा नदीच्या वाटेवर त्यांची गाठ पडली. म्हणाले, “देशपांडे, ती वही जपून ठेवा बरं का. माज्या पोरांचं समदं बोलनं हाय त्यात.” ते टोचून बोलले असते तर बरं झालं असतं. ते खरंच तसं म्हणत होते.

त्यानंतर ते भूगोल शिकवत राहिले. फळ्याचा कोपरा पुसत राहिले. मी लिहीत राहिलो, हेही सांगायला हवं. माणूस एका दिवसात सुधारत नाही. लढाई संपली आणि टपाल सुरू झालं, तेव्हा त्यांनी जुन्या पुस्तकातून तिकडच्या एस्पेरांतो मंडळांचे पत्ते शोधले, डबा रिकामा केला आणि पत्रं धाडली. पुढच्याच उन्हाळ्यात ते निवृत्त होऊन पारनेरला धाकट्या भावाकडे राहायला गेले. निरोपाच्या वेळी हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक त्यांनी हौसाला दिलं.

पावसाळा संपता संपता हॉलंडहून एक जाड पाकीट शाळेत आलं. वरचं नाव वाघचौऱ्यांचं, पण पत्ता शाळेचा, म्हणून हेडमास्तरांनी उघडलं. आत मुलांच्या नावांची काही बंद पाकिटं होती. बरीच मुलं शाळा सोडून गेलेली. एक हौसाचं होतं. ती आता इंग्रजी पाचवीत होती. हेडमास्तरांनी वाटायचं काम माझ्याकडे दिलं.

मी ते तिला माझ्या तासाला दिलं आणि म्हटलं, सगळ्यांना वाचून दाखव. खरं म्हणजे मी तसं सांगायला नको होतं, पत्र तिचं होतं. पण मला कुतूहल आवरलं नाही. तिनं पाकीट फोडलं, मनाशी एकदा वाचलं आणि उभी राहून मराठीत सांगायला लागली.

“तिचं नाव आना हाय. ती म्हनती, तुजं पत्र लई उशिरा भेटलं, पन आमी समद्यांनी वाचलं. तिच्या गावात लढाईच्या वक्ताला खायाला काय न्हवतं. मंग त्यांनी फुलांचे कांदे उकडून खाल्ले. ती म्हनती, तू लिवलंस तुमीबी कडू कांदे उकडता, तवा मला वाटलं ही माज्याच घरची हाय.”

हौसा थांबली.

“पुढं?” मी विचारलं.

“पुढं काय न्हाई, मास्तर.”

“पान भरलेलं दिसतंय. वाच.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे, मग कागदाकडे. आवाज एकदम खाली आला. “ती इचारती... ‘तुमचे ते मास्तर अजून तुजं नाव फळ्यावर लिवत्यात का?’”

मी वळून फळ्याकडे पाहिलं. उजव्या कोपऱ्यात ‘आजचे अशुद्ध’ होतं, त्याखाली दोन शब्द, आणि दुसऱ्यापुढं हौसाचं नाव. त्याच तासाच्या सुरुवातीला मी लिहिलेलं. समुद्रापलीकडं, मी कधी पाहणार नाही अशा गावात, उपाशी राहिलेल्या एका पोरीला माझा हा कोपरा ठाऊक होता. मला इतकं ओशाळं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. माझ्याकडे रुमाल नव्हता. मी तळहातानं तो कोपरा पुसला.

त्याच रविवारी सर्व्हिस मोटारीनं मी पारनेरला गेलो. वाघचौरे भावाच्या ओसरीवर बाजेवर पडून होते. छातीचा विकार बळावला होता, बोलताना धाप लागत होती. मी त्यांना सगळं सांगितलं. तपासणीच्या दिवसाचंही. मला ठाऊक असून मी गप्प राहिलो, हे पहिल्यांदा तोंडानं बोललो.

“ठाऊक हाय मला,” ते म्हणाले.

“आणि हौसाच्या पत्राचं? तेही ठाऊक होतं?”

“पत्र न्हाई वाचलं. पन तिनं मला एकदा इचारलं, फळ्याला काय म्हनत्यात. मंग इचारलं, लाज वाटनं कसं लिवायचं. तेवढ्यावरनं काय ते समजलं.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तिचं टपाल हुतं, देशपांडे. मी कसं सांगनार?” थोडा वेळ दम खाल्ला. “कोपरा पुसला म्हनता. कशानं?”

“हातानं.”

“रुमाल ठेवत जा. खडू डोळ्यांत जातो.” आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. भावजयीनं पाणी आणून दिलं.

निघताना मी म्हटलं, “हौसा आता आनाला उत्तर लिहील. मी तिला सांगतो, लिही की आता नाव लिहीत नाहीत.”

त्यांनी माझा हात धरला. एवढा कडक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “तुमी काय सांगू नगा. काय लिवायचं ते तिला ठरवू द्या.”

नाताळाच्या आधीच ते गेले. मला कळलं तोवर पारनेरला सगळं उरकलं होतं. भावानं सांगितलं की कोटाचा तारा त्यांच्याबरोबरच पुरला.

मी दुसऱ्या दिवशी वर्गात ही बातमी सांगितली. हौसा रडली नाही. पत्रं आल्याचं मास्तरांना समजलं होतं का, एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हटलं. आठवड्यानं ती माझ्याकडे एक पाकीट घेऊन आली. वसतिगृहातून पोस्टात जायला परवानगी लागायची, म्हणून माझ्याकडे आणलं होतं. वर आनाचं नाव आणि हॉलंडचा पत्ता, आणि पाकीट खळ लावून पक्कं बंद.

“मास्तर, एवढं टाकाल का?”

मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि पोस्टाकडे निघालो. वाटेत दोनदा पाकीट बाहेर काढलं. उजेडाकडे धरलं असतं तरी मला काय कळणार होतं, ती भाषा मला येत नव्हती. तरी धरावंसं वाटलं. मग पुन्हा खिशात ठेवलं आणि पोस्टाच्या तांबड्या पेटीत टाकलं.

ती जाड वही अजून माझ्याकडे आहे. मथळा खोडला आहे. बाकी सगळं तसंच ठेवलं आहे. कधी उघडली तर पानापानातून ‘ब’ तुकडीची मुलं बोलायला लागतात आणि वाघचौऱ्यांचं म्हणणं पटतं. आनाच्या प्रश्नाला हौसानं काय उत्तर लिहिलं, ते मात्र मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही.